संध्याकाळ झाली की पेनड्राइव्ह पुन्हा पहिल्या गाण्यावर येतो: असेंबल होम थिएटरची यूएसबी किट कशी तपासावी?

दारव्हा_रोड

नमस्कार मंडळी. आमच्याकडे खेड्यावर एक असेंबल केलेलं २.१ होम थिएटर आहे. आत मोठा ट्रान्सफॉर्मर आहे, त्याची १२-०-१२ ची वाइंडिंग ॲम्प्लिफायर बोर्डाला जाते आणि ९-०-९ ची वेगळी बारीक वाइंडिंग समोरच्या यूएसबी-एफएम-ब्लूटूथ किटला. ९-०-९ वर दोन ४००७ डायोड, १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा एक कपॅसिटर, मग ७८०५ (व्होल्टेज ५ वर स्थिर ठेवणारा रेग्युलेटर), आणि तिथून ५ व्होल्ट किटला. किटवर आकडे दाखवणारा छोटा डिस्प्ले आहे, नावं दिसत नाहीत.

तक्रारी अशा:

नवा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह किट ओळखतच नाही. डिस्प्ले थोडा वेळ लुकलुकतो आणि परत ब्लूटूथवर जातो. जुना ८ जीबीचा ओळखते.

८ जीबीचा सकाळी काकड्यापासून दुपारपर्यंत व्यवस्थित वाजतो. संध्याकाळी सातनंतर मात्र मध्येच थांबतो, दोन-तीन सेकंद शांतता, आणि परत पहिल्या गाण्यापासून सुरू. आवाज वाढवला की हे जास्त होतं. त्याच वेळी ब्लूटूथ लावलं तर काही अडचण नाही, एफएमही चालतो.

मोबाइलवर रेकॉर्ड केलेली भजनं त्याच पेनड्राइव्हमध्ये टाकली आहेत, त्यातली एकही वाजत नाही, किट सरळ पुढच्या फाइलवर उडी मारते. व्हॉट्सॲपवरून आलेल्यांचंही तेच. आणि हरिपाठाचे अभंग क्रमाने लावायचे तर पहिला, सातवा, तिसरा असे कसेही येतात.

दोन्ही पेनड्राइव्ह ओटीजी लावून मोबाइलात सगळं वाजवतात, म्हणजे पेनड्राइव्ह चांगले आहेत. किट बदलावी का? घरी मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न आहे. कॉम्प्युटर नाही, पण गावातल्या सेवा केंद्रावर मिळतो.

किटवाला_अकोट

किट बदलायची घाई करू नका. तुमच्याकडे एक बिघाड नाही, चार वेगवेगळे आहेत, आणि चारांची कारणं एकमेकांशी संबंधित नाहीत. एकाच कारणाने सगळं समजावून सांगायला गेलं की माणूस किट बदलतो आणि नवीही तशीच वागते.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. "मोबाइलात चालतो म्हणजे पेनड्राइव्ह चांगला" हा पुरावा इथं लागू होत नाही. आजच्या बऱ्याच मोबाइलांना एक्सफॅट (पेनड्राइव्हवर फाइली मांडण्याची एक पद्धत, म्हणजे फॉरमॅट) वाचता येतं, एमफोरए आणि ओपस प्रकारच्या आवाजाच्या फाइली वाजवता येतात, आणि बॅटरी असल्यामुळे पेनड्राइव्हला ५ व्होल्ट स्थिर मिळतात. तुमच्या किटकडे यातलं काहीच नाही. मोबाइलात वाजणं म्हणजे पेनड्राइव्हची चिप मेलेली नाही, एवढंच सिद्ध होतं.

६४ जीबीचं कारण जवळजवळ नक्की फॉरमॅट आहे. ३२ जीबीच्या वरचे पेनड्राइव्ह पुष्कळदा दुकानातूनच एक्सफॅटमध्ये येतात, आणि अशा किटला बहुधा फक्त फॅट१६ आणि फॅट३२ कळतं. एनटीएफएस तर मुळीच नाही. विंडोजमध्ये पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून फॉरमॅट उघडलं तर ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्याय सहसा दिसत नाही, म्हणून लोक समजतात की हा पेनड्राइव्ह फॅट३२ होऊच शकत नाही. होतो.

सगळ्यात सोपं म्हणजे त्यावर ३० जीबीचंच पार्टिशन करायचं. उरलेली जागा वाया जाईल, पण गाण्यांना ती लागत नाही: १२८ केबीपीएसचा एक तास म्हणजे साधारण ५८ एमबी, तर ३० जीबीत पाचशे तासांच्या आसपास मावतात.

सेवा केंद्रावर आधी पेनड्राइव्हमधलं सगळं दुसरीकडे कॉपी करून घ्या. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. कमांड इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या आहेत, इथं उच्चाराप्रमाणे लिहितो. 'डिस्कपार्ट', एंटर. मग 'लिस्ट डिस्क'. इथं थांबा आणि साइज बघा. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह ५७ ते ५९ जीबी असा दिसतो. कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बहुतेक 'डिस्क ०' असते, तिला हात लावायचा नाही. इथं आकडा चुकला तर पुढच्या एका ओळीत सेवा केंद्राचा सगळा डेटा जाईल, म्हणून पेनड्राइव्ह काढून एकदा 'लिस्ट डिस्क' करा, परत लावून करा, आणि जी ओळ नव्याने आली तीच आपली.

ती १ असेल तर 'सिलेक्ट डिस्क १'. मग 'क्लीन'. मग 'कन्व्हर्ट एमबीआर'. हे लोक विसरतात. पेनड्राइव्हवर पार्टिशनांची नोंद एमबीआरऐवजी जीपीटी पद्धतीने असेल तर आत फॅट३२ असूनही किट बहुधा त्याला ओळखत नाही. मग 'क्रिएट पार्टिशन प्रायमरी', त्याच ओळीत पुढे 'साइज', बरोबरचं चिन्ह आणि ३०००० (हा आकडा एमबीमध्ये असतो). त्यानंतर 'फॉरमॅट', 'एफएस', बरोबरचं चिन्ह, 'फॅट३२', आणि शेवटी 'क्विक'. मग 'असाइन'. झालं.

एवढं करूनही ओळखला नाही, किंवा ओळखला पण ठरावीक फाइलींच्या पुढे सगळ्या फाइली खराब निघाल्या, तर पेनड्राइव्ह खोट्या क्षमतेचा असण्याची शक्यता धरा. आठवडी बाजारात ५१२ जीबी, १ टीबी लिहिलेले स्वस्तातले मिळतात, त्यात खरी मेमरी ८ नाही तर १६ जीबी असते आणि आतली चिप खोटा आकडा सांगते. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, तो पूर्ण पेनड्राइव्ह भरून परत वाचतो आणि खरी क्षमता सांगतो. मोठ्या पेनड्राइव्हला काही तास लागतात, पण निकाल स्पष्ट मिळतो.

हिंगणघाटकर

फाइलींबद्दल मी सांगतो, संध्याकाळच्या बिघाडाचं कुणी वीजवाला सांगेल.

मोबाइलचा रेकॉर्डर बहुतेक वेळा एमफोरए बनवतो, म्हणजे आत एएसी. जुने फोन एएमआर किंवा थ्रीजीपी बनवतात. व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज ओपस असतो. तुमची किट एमपीथ्री वाजवते, जास्तीत जास्त डब्ल्यूएमए आणि वेव्ह. म्हणून ती उडी मारते, आणि तिच्या परीने ते बरोबरच आहे.

फाइलचं नाव बदलून शेवटी एमपीथ्री लिहिल्याने काही होत नाही. आतला डेटा तोच राहतो. उलट काही किटा अशा फाइलवर अडकून पूर्ण थांबतात, आधी निदान पुढे तरी जात होत्या.

कन्व्हर्टच करावं लागेल. सेवा केंद्रावर व्हीएलसी असेल तर मीडिया मेनूत 'कन्व्हर्ट / सेव्ह', फाइली टाकायच्या, प्रोफाइल 'ऑडिओ एमपीथ्री', आणि शेजारच्या पान्याच्या खुणेवर दाबून बिटरेट १२८, चॅनेल २, सॅम्पल रेट ४४१०० करायचा. हा सॅम्पल रेट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. बोलण्याच्या रेकॉर्डिंगचा दर पुष्कळदा ८ किंवा १६ किलोहर्ट्झ असतो. तो तसाच ठेवून एमपीथ्री केली तर मोबाइलात वाजते, पण कित्येक किटांना ३२, ४४.१ आणि ४८ याखेरीजचा दर झेपत नाही. मग फाइल एमपीथ्री असूनही मुकी राहते किंवा आवाज भलत्या वेगाने येतो.

भजनाला १२८ पुरे. टाळ-चिपळ्यांचा आवाज किरकिरा वाटला तर १९२ करा. बिटरेट स्थिर ठेवा. बदलता ठेवला तर गाणं वाजेल, पण स्वस्त किटवर वेळेचा आकडा चुकतो आणि पुढे ढकलताना गाणं अडखळतं.

अजून एक. काही डाउनलोड केलेल्या एमपीथ्रीच्या सुरुवातीला मोठा फोटो चिकटवलेला असतो, कधी दोन-तीन एमबीचा. किटला तो ओलांडून आवाजापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि काही ठिकाणी ती कंटाळून पुढची फाइल घेते. एमपीथ्रीटॅग नावाच्या प्रोग्रॅममध्ये सगळ्या फाइली निवडून कव्हर काढून टाका. टॅगची काही गरज नाही, तुमच्या डिस्प्लेवर नाव दिसतच नाही.

फ्यूज_वायर

संध्याकाळचं मी घेतो भाऊ. तुम्ही माहिती चांगली देली, अर्धं उत्तर त्यातच हाय.

पेनड्राइव्ह सकाळी चालते, संध्याकाळी अडकते, आवाज वाढवला का जास्त अडकते, अन ब्लूटूथ तवा बी चालते. फाइल खराब असती तर सकाळी बी अडकली असती. फॉरमॅट चुकीचा असता तर कधीच वाजलं नसतं. संध्याकाळी बदलते ते फक्त लाइनचं व्होल्टेज. रब्बीत डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) गव्हा-हरभऱ्याचे पंप सुरू झाले, वरून सगळ्या घरचे दिवे-टीव्ही लागले, का खेड्यावर २३० चे १७०-१८० होतात. बल्ब पाहून समजतेच.

आता ब्लूटूथ काहून चालते ते समजून घ्या. किटची चिप आतमधी ३.३ व्होल्टवर चालते. तिले ५ चे ४ भेटले तरी ती मरत नाही. पेनड्राइव्हले मात्र सरळ ते ५ व्होल्टच जातात, अन वाचतानी तो करंट बी जास्त ओढते. पेनड्राइव्ह काढून नुसतं ब्लूटूथ असलं तर किट ६०-८० मिलिॲम्पिअर घेते. पेनड्राइव्ह वाजवतानी दोन-अडीचशे धरा. म्हणून बोजा पडते तो यूएसबीच्याच वेळी, अन ब्लूटूथ चालते म्हणून सप्लाय चांगला हाय असं म्हणता येत नाही.

हिशोब मांडतो. ९-०-९ म्हणजे २३० वर ९ व्होल्ट एसी. त्याचा माथा, म्हणजे लहरीचं वरचं टोक, १.४१ पट, १२.७. एका डायोडचे ०.७ गेले, राहिले १२. लाइन १७८ झाली तर ९ चे ६.९६ होतात, माथा ९.८५, डायोड काढून ९.१५. हे झालं कपॅसिटर भरल्यावरचं. सेकंदात शंभर वेळा तो भरते अन मधल्या वेळात उतरते. किती उतरते? करंट गुणिले वेळ, भागिले कपॅसिटर. ०.२५ ॲम्पिअर, ०.०१ सेकंद, १००० मायक्रोफॅरड: २.५ व्होल्ट. म्हणजे खालचं टोक ६.६५. अन ७८०५ ले नीट ५ द्याले इनपुटवर ७ च्या आसपास लागतात. नवा कपॅसिटर असला तरी हे काठावर हाय. तुमचा जुना झाला असन अन सुकून ६००-७०० वर आला असन, तर खालचं टोक साडेपाचवर जाते अन आउटपुट चारवर. तेवढ्या क्षणात पेनड्राइव्ह बंद होऊन परत चालू होते. किटले वाटते नवा पेनड्राइव्ह लावला, म्हणून ते पहिल्या गाण्यापासून सुरू करते. तुमचं पहिल्या गाण्यावर येणं ते हेच.

आवाज वाढवल्यावर काहून जास्त होते? वाइंडिंग वेगळी असली तरी लोखंड अन प्रायमरी (लाइनकडची वाइंडिंग) एकच हाय. बासच्या ठोक्याले ट्रान्सफॉर्मर दबते, मंग ९-०-९ बी दबते.

आता मोजायचं कसं. यूएसबीची एक छोटी एक्स्टेन्शन वायर घ्या, मधात दोन इंच वरचं आवरण चिरा. आत चार वायरी निघतील: लाल ५ व्होल्ट, काळी ग्राउंड, पांढरी अन हिरवी डेटाची. डेटावाल्या सोडा. लाल-काळीचं प्लास्टिक थोडं थोडं, एकमेकीपासून दूर, खरडा. म्हणजे पेनड्राइव्ह वाजत असतानी मोजता येते. रिकाम्या पोर्टवर ५ दिसले तर त्याले काही अर्थ नाही. बोजा असतानीच मोजाचं.

संध्याकाळी चार आकडे पाहिजेत: लाइनचं व्होल्टेज, १००० वाल्या कपॅसिटरवर डीसी, त्याच जागी एसी रेंजवर किती, अन एक्स्टेन्शनच्या लाल-काळीवर डीसी. स्वस्त पिवळा मीटर असन तर तो एसी रेंजवर डीसीले बी आकडा दाखवते. म्हणून लाल प्रोबच्या मधात ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडून मंग मोजजा. फक्त या आतल्या ९ व्होल्टच्या बाजूले, लाइनच्या बाजूले नाही.

पेटी उघडायच्या आधी प्लग भिंतीतून काढजा, बटन बंद करून भागत नाही. ॲम्प्लिफायरच्या मोठ्या कपॅसिटरमधी चार्ज राहते, १ किलोओहम ५ वॉटचा रेझिस्टर त्याच्या दोन पायांवर पाच-दहा सेकंद धरून उतरवा. पेचकस लावून ठिणगी काढू नका, त्यानं बोर्डावरची तांब्याची पट्टी उडते. मोजमाप चालू सेटवरच करा लागते, तर प्रोब मगरचिमट्यानं बंद सेटवर लावा, मंग प्लग घाला अन हात बाहेर ठेवूनच आकडा वाचा. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या टोकांवर आधी टेप गुंडाळा.

झाडीपट्टी_साउंड

इतकं खोलात न जाता सोपा उपाय सांगतो. ९-०-९ ची वाइंडिंग सोडून द्या आणि किटला मोबाइलचा चार्जर द्या. चार्जरवर इनपुट १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, लाइन १५० झाली तरी तो ५ व्होल्ट देतो. कपॅसिटर बदलून लाइन सुधारत नाही.

फ्यूज_वायर

लाइनबद्दल तुमचं म्हणणं बरोबर हाय, पण दोन गोष्टी पाहून करा लागते. ७८०५ चं आउटपुट किटपासून तोडल्याशिवाय चार्जर जोडायचा नाही. दोन्ही एकमेकांवर ढकलतात अन ७८०५ मागून मरते. अन स्वस्त चार्जरचा कचरा आवाजात येते. ॲम्प्लिफायरचं ग्राउंड अन चार्जरचं ग्राउंड ऑडिओच्या वायरीतून जुळते, मंग शांत जागी बारीक 'ची' ऐकू येते, भजन चालू होण्याच्या आधी ते फार जाणवते. चार्जर वजनदार, चांगल्या कंपनीचा असन तर कमी येते. तरी आलाच तर ऑडिओच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर टाका, तो छोटा ट्रान्सफॉर्मरच असते.

अन किट ५ व्होल्टची हाय का १२ व्होल्टची ते बोर्डावर पाहजा. १२ ची असन तर तिच्यावरच छोटा ७८०५ बसलेला असते, तिले १२ व्होल्ट १ ॲम्पिअरचा जुन्या सेटटॉप बॉक्सचा ॲडॅप्टर चालते. ५ च्या किटले १२ देले तर एका क्षणात संपते. पिनची प्लस-मायनस मीटरनं पाहूनच जोडजा.

माझं मत: पहिले मोजा. लाइन १६० च्या खाली जात नसन तर कपॅसिटरनंच भागते, अन आवाज बी स्वच्छ राहते.

दारव्हा_रोड

संध्याकाळी साडेसातला मोजलं. लाइन १७८. कपॅसिटरवर डीसी ७.४, एसी (०.४७ लावून) १.०. एक्स्टेन्शनवर ४.७. सकाळी लाइन २३१ होती तेव्हा एक्स्टेन्शनवर ४.९८.

७.४ म्हणजे ७ च्या वर आहेत ना? आणि ४.७ ही फार कमी वाटत नाही. मग पेनड्राइव्ह का बंद पडतो?

फ्यूज_वायर

कारण मीटर सरासरी दाखवते. सेकंदात शंभर वेळा वर-खाली होणारं व्होल्टेज त्याच्या आकड्यात सपाट होऊन येते.

तुमचा एसीचा आकडा १.० हाय. करवतीच्या दातासारख्या लहरीत तो साडेतीननं गुणला का वर-खालचा पूर्ण फरक निघते: ३.५ व्होल्ट. ७.४ च्या वर १.७५ अन खाली १.७५, म्हणजे वरचं टोक ९.१५, खालचं ५.६५. वरचं टोक हिशोबाशी जुळून रायलं, म्हणजे वाइंडिंग अन डायोड चांगले हायेत. खालच्या टोकाले ७८०५ चं आउटपुट ४ च्या थोडंसंच वर राहते. सरासरी ४.७ दिसते, पण दर दहा मिलिसेकंदाले ते खाली डुबकी मारते. त्यात बासचा ठोका आला का संपलं. नव्या १००० च्या कपॅसिटरले २.५ पेक्षा जास्त फरक पडाले नको होता, म्हणजे तुमचा सुकला हाय. ट्रान्सफॉर्मरच्या अन हीटसिंकच्या बाजूले बसवलेला असते, उन्हाळ्यात पेटीच्या आत तो भाजूनच निघते.

तिथं २२०० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट, १०५ अंशवाला घाला. ८५ वाला घेऊ नका, आपल्याकडं मे महिन्यात खोलीच ४५ ची असते. फरक १.१ वर येईन, अन १७८ वर खालचं टोक ८. कागदावर लाइन १६० होईपर्यंत टिकते. कपॅसिटरवर ज्या बाजूले पट्टी छापली हाय तो पाय मायनस, उलटा बसला तर फुटते. ४७०० घालू नका, चालू करतानी बारीक वाइंडिंगवर अन डायोडवर उगाच झटका पडते.

दुसरं, यूएसबी पोर्टच्या मागच्या दोन टोकाच्या पिनांवर, ५ व्होल्ट अन ग्राउंड, २२० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा अन त्याच्या जोडीले ०.१ चा सिरॅमिक लावा. पेनड्राइव्ह लावल्याबरोबर जो झटका ओढते तो तिथल्या तिथं भरून निघते. बऱ्याच किटांवर ही जागा छापलेली असते पण कपॅसिटर बसवलेला नसते.

हात लागलाच हाय तर पोर्टच्या चारही पिना अन बाजूचे दोन मोठे पाय परत सोल्डर करजा. पेनड्राइव्ह घालून-काढून तिथं केसाएवढी गोल भेग पडते. पेनड्राइव्ह वर-खाली हलवल्यावर गाणं तुटत असन तर तेच असते. पोर्टच्या आत पाहजा. कापूस घरात भरून ठेवलेला असला का त्याचे तंतू पोर्टमधी जाऊन बसतात, दिसत नाहीत पण पत्र्याच्या पट्टीले टेकू देत नाहीत. आयसोप्रोपिल अल्कोहोल अन मऊ ब्रशनं साफ करा, सुकू द्या, मंग लावा.

किटवाला_अकोट

दुपारी बंद पडणाऱ्यांसाठी इथंच जोडतो, कारण शोधत येणाऱ्यांना लागेल. संध्याकाळी न अडकता दुपारी अर्धा-पाऊण तास वाजल्यावर बंद पडत असेल आणि थोडं थंड झाल्यावर परत चालत असेल, तर ते व्होल्टेज कमी असल्यामुळे नाही, उष्णतेमुळे आहे. १२ व्होल्टवरून ५ करताना ७८०५ ला ७ व्होल्ट जाळावे लागतात. ०.३ ॲम्पिअरला २.१ वॉट. किटवरचा चपटा छोटा ७८०५ हीटसिंकशिवाय एवढं सहन करत नाही, तापल्यावर स्वतःच बंद होतो. १२ च्या जागी ९ व्होल्टचा ॲडॅप्टर दिला तर तेच १.२ वॉटवर येतं. पण आधी किटच्या इनपुटवर खरंच ७८०५ आहे याची खात्री करा.

आणि यूएसबी पोर्टवर पोर्टेबल हार्ड डिस्क लावू नका. यूएसबी २.० च्या पोर्टने ५०० मिलिॲम्पिअर द्यावेत असं ठरलेलं आहे, ही किट तेवढेही देत नाही, आणि डिस्क फिरायला लागतानाच त्यापेक्षा जास्त मागते. टक-टक आवाज येतो तो तोच, आणि त्यात डिस्कचं नुकसान होतं.

दारव्हा_रोड

२२०० चा बसवला, पोर्टवर २२० आणि ०.१ सुद्धा. काढलेल्या कपॅसिटरचं डोकं किंचित फुगलेलं होतं. आज संध्याकाळी लाइन १७६ असताना कपॅसिटरवर ८.५, एसी ०.३, एक्स्टेन्शनवर ४.९७. आवाज वाढवूनही पेनड्राइव्ह सुटला नाही. ६४ चा ३० जीबीच्या पार्टिशनवर लगेच ओळखला. भजनं ४४.१ वर कन्व्हर्ट केली, ती वाजतात.

हरिपाठाचा क्रम मात्र अजून चुकतो. फाइलींना १, २, ३ अशी नावं दिली तरी.

हिंगणघाटकर

किट नाव बघत नाही. फाइली पेनड्राइव्हच्या यादीत ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने ती वाजवते. सगळ्या एकदम निवडून कॉपी केल्या तर कॉम्प्युटर त्या कोणत्याही क्रमाने लिहू शकतो. नंतर नाव बदललं तरी बहुधा जागा तीच राहते. आणि एखादी फाइल पुसून नवी टाकली तर ती पुसलेल्याच्या मोकळ्या जागी जाऊन बसते, म्हणून नवा अभंग मध्येच कुठेतरी येतो.

तुमच्यासाठी असं करा. पेनड्राइव्ह परत फॉरमॅट करा (आता ३० जीबीचं पार्टिशन आहे, त्यामुळे राइट क्लिकवर फॅट३२ दिसेल). रिकाम्या पेनड्राइव्हवर हरिपाठाचा फोल्डर करा आणि अभंग एकेक करून, पहिला पूर्ण झाल्यावर दुसरा, असे कॉपी करा. २७-२८ फाइलींना दहा मिनिटं लागतात. फाइली शेकड्यांनी असतील तर ड्राइव्हसॉर्ट नावाचा विंडोजवरचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हची यादीच नावाप्रमाणे लावून देतो. लिनक्सवर त्याच कामाला फॅटसॉर्ट आहे. दोन्ही फॅटवर चालतात.

नावं ०१, ०२ अशी दोन आकडीच ठेवा, इंग्रजी आकड्यांत. नुसतं १, २ ठेवलं तर नावाप्रमाणे लावणाऱ्या कित्येक प्रोग्रॅमांत १ नंतर १० येतो. फोल्डरांचाही क्रम त्याच नियमाने चालतो: काकडा आधी वाजायला हवा असेल तर त्याचा फोल्डर पेनड्राइव्हवर सगळ्यात आधी तयार करा, मग हरिपाठ, मग आरत्या. आणि मोबाइलला ओटीजी लावून त्यात काही टाकू नका, फोन स्वतःचे फोल्डर तयार करतो आणि पुसलेल्या जागा भरतो, लावलेला क्रम परत बिघडतो. नवं काही टाकायचं असेल तर त्यासाठी तो ८ जीबीचा वेगळा ठेवा.